डाव्या चाकाचा वैरी

बालाघाट जिल्ह्यात खोल म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी आहेत, असं गोपाळकृष्ण स्वतःच सांगत. एक तिरोडीची खाण आणि दुसरी त्यांची नजर. खाणीतून निदान मँगनीज तरी निघतं, असं त्यांची बायको सुनीती म्हणे. पण ती ते स्वयंपाकघरात म्हणे, त्यामुळे बाहेर कोणाला कळलं नाही.

जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. कोणी शेताचा धुरा हातभर सरकवला, कोणी शेजाऱ्याच्या धानाच्या बांधीत नांगर घातला, हे त्यांना चालता चालता दिसे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जगातला प्रत्येक गुन्हा हे मुळात अतिक्रमणच असतं. मग ते गुप्त शोधक झाले. तशी पाटीही त्यांनी रंगवून घेतली. काम गुप्त असल्यामुळे ती मागच्या दारावर लावली. रोज ती फक्त दूधवाला पुनाराम पाही, आणि त्याला वाचता येत नव्हतं.

पोस्टमास्तरांच्या हरवलेल्या छत्रीचा छडा त्यांनीच लावला होता. छत्री गोपाळकृष्णांच्याच खुंटीवर निघाली ही गोष्ट वेगळी. आम्हा बालाघाटच्या मराठी माणसांना एवढ्या तेवढ्यावरून कोणाची किंमत कमी करायची सवय नाही. प्रांतांच्या वाटणीत नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो, तेव्हापासून जो आपला आहे त्याला मोठा म्हणायचं, असं आमचं ठरलेलं आहे.

तर अशा या गोपाळकृष्णांना एका सकाळी शेजारच्या गुणाकर वकिलांनी हाक मारली. वकिलांकडे काळी अँबेसडर होती आणि आई होती. आईचं नाव गोदाबाई. त्यांचे गुडघे इतके धरले होते की मोटारीत चढताना एक पाय आत आणि एक पाय बाहेर, अशा अवस्थेत त्या अख्खी रामरक्षा म्हणत. म्हणून वकिलांनी मागच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, काही पाटे काढले, पुढूनही गाडी खाली घेतली आणि चांगली बसकी करून टाकली. हे आईच्या गुडघ्यांसाठी केलं असं ते कोर्टात सांगत. खरं कारण नागपूरच्या एका दुकानातलं विलायती कॅलेंडर होतं. त्यावर जमिनीला चिकटलेली, रुंद चाकांची एक मोटार होती. तिच्यापुढे एक बाईही उभी होती, पण वकिलांनी मोटारच पाहिली असं त्यांचं म्हणणं.

गाडी खाली बसली, पण तिची अरुंद चाकं आता उघडी पडली. एखादा जाडा माणूस धोतर नेसून उकिडवा बसावा तशी ती दिसू लागली. तेव्हा वकिलांनी चाकं बदलायची ठरवली. वेल्डिंगवाला हिरालाल रिम कापून रुंद करून द्यायला तयार होता. त्याचं एकच विचारणं होतं.

"साहब, चौडी तो कर दूंगा. पर बीच की प्लेट कहां बिठाऊं, ये बोलो."

हा मोजणीचा प्रश्न असल्यामुळे गोपाळकृष्णांना बोलावणं आलं. ते येताना घरातून पिठाची चाळणी घेऊन आले.

"गुणाकरराव, नीट पाहा," ते म्हणाले. "हा चाळणीचा काठ म्हणजे रिम, आणि ही जाळी म्हणजे चाकाची प्लेट. प्लेट बोल्टांनी गाडीला जखडलेली असते, ती काही हलत नाही. आता जाळी गाडीच्या अंगाला ठेवली, तर काठ सगळा बाहेर येतो. जाळी बाहेरच्या अंगाला ठेवली, तर काठ गाडीच्या पोटात शिरतो. चाळणी तीच, पण चाक कुठं उभं राहील ते जाळी ठरवते."

असं म्हणून त्यांनी चाळणी उलटीसुलटी केली. उरलेलं पीठ वकिलांच्या काळ्या कोटावर पडलं.

"मले जीपसारखी सोळा इंची पाहिजे," वकील कोट झटकत म्हणाले.

"उंचच करायची होती तर पाटे काहून काढले? पंधराच ठेवा. रुंदी चारची सहा करा."

"आन प्लेट?"

इथे गोपाळकृष्ण थांबले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. गाडी रिकामी उभी होती, सपाट अंगणात, सकाळच्या गार वेळी. चाक आत घेतलं तर कमानीला घासेल, हे त्यांनी ओळखलं. हे ओळखणं बरोबर होतं, आणि त्या दिवसातलं तेवढंच बरोबर होतं.

"इंचभर बाहेर काढा," ते म्हणाले. "ऐटही येईल."

हिरालालने चाकं करून बसवली. गोपाळकृष्णांनी मडगार्डची कड आणि टायर यांच्या मधल्या फटीत उजव्या हाताची तर्जनी घातली. याच बोटाने त्यांनी आयुष्यभर लोकांना त्यांच्या हद्दी दाखवल्या होत्या.

"बोट जातं," त्यांनी निकाल दिला. "पास."

त्या फाल्गुनात वकिलांच्या मुलाची, भोजराजची सोयरीक ठरत होती. मुलगी खैरलांजीच्या शालिकरामची कमला. ही सोयरीक सुनीतीने जुळवली होती, कारण कमला तिच्या मावसबहिणीची लेक. म्हणजे शालिकराम हा आपल्या गुप्त शोधकांचा साडू. भोजराज उकव्याला मास्तर होता. मुलगी पाहून आल्यापासून तो दर रविवारी खैरलांजीच्या बाजूला काही ना काही काम काढी. उकवा एकीकडे आणि खैरलांजी दुसरीकडे, हे भूगोल शिकवणाऱ्या माणसाला कोणी सांगायचं?

मुलगी पाहायला गाडी खैरलांजीला गेली, तेव्हा परत आल्यावर सकाळी मागच्या डाव्या टायरच्या खांद्यावर एक लांब कापा दिसला. भाजीचं साल काढावं तसं रबर सोललेलं. वकील म्हणाले, रस्त्यात काही लागलं असेल. मग साखरपुड्याला गेले. कमलाच्या बोटात अंगठी गेली, आणि दुसऱ्या दिवशी तेच टायर, तोच खांदा, आणखी खोल. मधल्या काळात गाडी उकव्याला गेली, बैहरला गेली, चार माणसं घेऊन लांजीपर्यंत जाऊन आली. टायरला काही झालं नाही. झालं ते खैरलांजीलाच.

गुणाकर वकील दुखावले. वकील माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीत इशारा दिसतो.

"गोपाळराव, हे लोक तोंडानं पाहुणचार करून राह्यले आन पाठीमागून टायर कापून राह्यले. याचा अर्थ काय? आमच्या दारात पुन्हा येऊ नका, हाच न? तुम्ही तपास लावा. तिकडच्याच माणसाचं काम निघालं, तर मी अंगठी परत मागतो."

साखरपुडा होऊन मोडलेल्या मुलीचं पुढे काय होतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. सुनीतीला सगळ्यात जास्त, कारण शब्द तिने टाकला होता. त्या दिवशी तिने वरणात मीठ दोनदा घातलं. गोपाळकृष्णांनी ते ओळखलं नाही.

तपास सुरू झाला. जखमेवर भिंग धरून त्यांनी पहिलं अनुमान काढलं. शस्त्र विळा. दुसरं अनुमान, गुन्हेगार डावखुरा, कारण टायर डावं. खैरलांजीत घरोघर विळे होते, त्यामुळे पहिल्या अनुमानाने अख्खं गाव संशयित झालं. दुसऱ्याने ते कमी व्हावं म्हणून त्यांनी सर्वांत जवळचा डावखुरा शोधला. तो ड्रायव्हर नथ्थू निघाला.

"नथ्थू, खरं सांग. गाडीत किती माणसं होती?"

"चार, साहब. वकीलसाहब, अम्माजी, भोजूभैया आन मी."

"सामान?"

"काई नाई."

"वाटेत काही आवाज?"

"वारासिवनीच्या पुढं रस्त्यात सगळी गाडीच आवाज करते. कोनता सांगू?"

"वास?"

"जळल्यासारखा येत होता थोडा. पर वकीलसाहब सिगरेट पी रहे थे."

गोपाळकृष्णांनी मान हलवली. सिगारेटचा वास हा गुन्ह्याशी संबंध नसलेला तपशील म्हणून त्यांनी सोडून दिला. नथ्थूचा हेतू मात्र सापडेना. जुन्या चाकांवर त्याचा जीव असावा आणि म्हणून तो नव्यांना छळत असावा, असं एक अनुमान त्यांनी दोन दिवस बाळगलं. नथ्थूला विचारलं तर तो म्हणाला की त्याचा जीव फक्त त्याच्या बायकोवर आहे, आणि तोही पूर्ण नाही. मग गोपाळकृष्णांनी कमलासाठी झुरणारा एक अज्ञात तरुण कल्पिला. त्याला मिशा दिल्या, विळा दिला. नाव तेवढं मिळालं नाही.

लग्नाची तिथी काढायला वकील पुन्हा खैरलांजीला निघाले, तेव्हा भोजराजच्या जागी गोपाळकृष्ण बसले. पाटावर जेवण झालं. चिन्नोरचा भात असा, की त्याचा वास अंगणापर्यंत यावा. कमला वाढत होती. तिने मावसाजींना जास्तीचा भात घातला आणि हळूच विचारलं, "मावसाजी, टायरचं सापडलं का? बाबा लय काळजी करून राह्यले."

"काळजी जो करतो त्याच्यावर आधी नजर ठेवावी," असं गोपाळकृष्ण मनात म्हणाले. तोंडाने म्हणाले, "थोडं तूप."

निघायच्या वेळी उन्हं उतरली होती. सगळे ओसरीवर पान खात होते. आणि गोपाळकृष्णांच्या खोल नजरेने पाहिलं. शालिकरामने नथ्थूकडून गुपचूप किल्ली घेतली. इकडेतिकडे पाहिलं. मोटारीच्या मागे गेला. डाव्या बाजूला वाकला. बराच वेळ खाली होता. मग धोतराला हात पुसत परत आला आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने म्हणाला, "साडूभाऊ, अजून एक पान घ्या न."

गोपाळकृष्णांनी पान घेतलं. काळजात चर्र झालं ते त्यांना लपवता आलं नाही, म्हणून त्यांनी ते चुन्यावर ढकललं. साडू झाला तरी माणूस चांगला होता. पण गुन्हेगार तो गुन्हेगार.

सकाळी टायर फाटलेलं होतं. आता आतला दोराही दिसत होता.

त्यांनी वकिलांना सांगितलं. वकील म्हणाले, "आत्ताच नथ्थूले बसनं पाठवतो. शालिकरामले बोलावून घेतो. जे काय आहे ते तोंडावर होऊन जाऊ द्या." नथ्थू लगेच परत आला. शालिकराम आपणहूनच सकाळच्या बसने निघाला आहे, असं बसस्टँडवर कोणीतरी त्याला सांगितलं होतं.

गोपाळकृष्ण घरी जेवायला बसले. भात समोर आला. त्यांनी घास घेतला आणि सुनीतीला निकाल सांगितला. किल्ली, वाकणं, धोतराला पुसलेले हात, सगळं क्रमाने.

सुनीतीने पूर्ण ऐकलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज भरला नव्हता.

"भात कसा झालाय?" तिने विचारलं.

"उत्तम. सुवासिक. पण विषय तो नाही."

"कुठून आला हा भात?"

"दुकानातून."

"आपल्या दुकानात चिन्नोर मिळतो कधी? गोदाकाकूंनी पायलीभर पाठवला सकाळी. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशीही पाठवला होता. मुलगी पाहून आले तेव्हाही. तुम्ही दर वेळी दोनदा मागून खाल्ला."

"बरं मग?"

"मग काय. टायर फाटलं की आपल्याकडे चिन्नोर येतो. एवढे दिवस मले वाटलं तुमच्या ध्यानात आलं असंल."

गोपाळकृष्णांचा घास हातात राहिला. आमच्याकडची रीत त्यांना माहीत नव्हती असं नाही. सोयऱ्याच्या घरून कोणी रिकाम्या हाती निघत नाही. पण समोर दिलं तर घेणारा नको नको म्हणतो, आणि देणाऱ्याने फार आग्रह केला तर तो मिरवतो असं दिसतं. म्हणून पोतं आधीच गाडीआड नेऊन ठेवायचं आणि निघताना गुपचूप डिकीत सरकवायचं. घेणाऱ्याने ते पाहायचं नाही. घरी पोचल्यावर ते मागच्या दाराने बायकांनी आत घ्यायचं आणि ज्यांनी सोयरीक जुळवली त्यांच्याकडे पायलीभर पोचवायचं. पुरुषांनी फक्त जेवायचं. गोपाळकृष्णांनी ही रीत मन लावून पाळली होती.

"अगं, पण पोत्यानं टायर कसं कापलं जाईल? पोत्याला काय धार असते? आणि मी बोट घालून पाहिलं आहे. बोट जातं."

"गाडी रिकामी होती तेव्हा."

"मोजणी नेहमी रिकाम्या जागेचीच करतात," ते म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

सुनीतीने पदर खोचला आणि ती वकिलांच्या अंगणात गेली. मागोमाग गोपाळकृष्ण, खरकट्या हाताने. पोतं अजून गोदाबाईंच्या स्वयंपाकघरात होतं. नथ्थूने ते उचलून डिकीत टाकलं. डिकीत उजवीकडे जादा चाक असल्यामुळे पोतं डावीकडेच बसलं.

"नथ्थू," वकील थंड आवाजात म्हणाले, "तू तर म्हनला होता का सामान काई नव्हतं."

"सामान नव्हतंच न, साहब. चावल था. चावल को कोई सामान बोलता है क्या?"

गोपाळकृष्णांनी हात धुतला, पुढे झाले आणि मागच्या डाव्या चाकापाशी बसले. मडगार्डच्या कडेखाली त्यांनी तर्जनी घातली. ती अंग चोरून का होईना, पण गेली.

"पाहा," ते म्हणाले. "पोतं आहे, तरी बोट जातं. मी काय म्हणत होतो? विज्ञानापुढे भावना चालत नाहीत. आता शालिकरामच्या हेतूकडे वळू. त्याचा हेतू असा की..."

बोट त्यांनी फटीतच ठेवलं होतं. भाषणाला तो आधार होता.

"गोदाकाकू, तुम्ही बसा जरा मागं," सुनीती म्हणाली. "वकीलसाहेब, तुम्हीही. नथ्थू, तू पुढं."

गोदाबाई बसल्या. वकील बसले. गाडीने एक सुस्कारा टाकला आणि ती खाली आली.

गोपाळकृष्णांचं भाषण तिथेच थांबलं. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो वारासिवनीच्या रस्त्यावर गाडीतून निघतो तसाच होता, असं नथ्थू नंतर सांगायचा.

"काय झालं?" आतून वकिलांनी विचारलं.

"बोट," सुनीती म्हणाली. "जात नाही आता. येतही नाही."

"मग उतरतो आम्ही."

"थांब रे बाबा," गोदाबाई म्हणाल्या. "मले उतराले टाइम लागते. घाई करू नको. रामरक्षा म्हनू दे."

अशा वेळी फाटकाची कडी वाजली. शालिकराम आत आला. खांद्यावर छोटं पोतं, पायांवर बसची धूळ, आणि चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा. त्याने पोतं खाली ठेवलं नाही.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "गावात लोक बोलून राह्यले, का आमच्या दारात तुमच्या गाडीले काही होते. मी गरीब मानूस. माझं काही चुकलं असंल तर मले सांगा, पोरीले काही म्हनू नका. कोन करून राह्यलं हे, तेवढं सांगा. मी त्याले तुमच्यापुढं आनतो."

वकिलांनी खिडकीतून गोपाळकृष्णांकडे पाहिलं. सुनीतीनेही पाहिलं. सांगायचं ते त्यांनीच सांगावं, एवढं तिने त्यांच्यासाठी सोडलं होतं.

गोपाळकृष्ण चाकापाशी उकिडवे बसले होते. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळंच बोटाचं नव्हतं. तांदळाचं पोतं ठेवायला वाकलेल्या या माणसाला ते विळा देऊन बसले होते. इंचभर अतिक्रमण त्यांनी स्वतः मंजूर केलं होतं आणि तीन वेळा ते भातासोबत जेवले होते.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "गुन्हेगार सापडला."

"कुठं आहे?"

"हा काय इथं. गाडीनं धरून ठेवलाय."

शालिकरामने खाली वाकून पाहिलं. आधी त्याला बोट दिसलं, मग टायर, मग मडगार्डची कड, मग डिकीतलं स्वतःचं पोतं. शेतकरी माणूस, बैलगाडीत भार भरल्यावर चाक कुठं घासतं हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याने खांदा मडगार्डखाली लावला आणि गाडी उचलून धरली. बोट सुटलं.

"मी पाठीमागं ठेवत होतो न पोतं," तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही लोक नको म्हनता म्हनून."

वकील गाडीतून उतरले आणि त्यांनी शालिकरामच्या खांद्यावरचं पोतं स्वतः उतरवून घेतलं. सगळ्यांसमोर, पुढच्या दाराने आत नेलं. रीत मोडली, पण त्या दिवशी कोणी हरकत घेतली नाही.

हिरालालने चाकं पुन्हा कापून पहिल्यासारखी अरुंद केली, कमानीचे पाटेही परत चढले. गाडी पुन्हा उंच झाली. गोदाबाईंच्या गुडघ्यांचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा सुनीतीने आपल्या घरातून जेवणाचा पाट आणून गाडीच्या दाराशी ठेवला. गोदाबाई त्यावर पाय देऊन सरळ आत जाऊन बसल्या. रामरक्षा अर्धीच झाली होती.

कमलाचं लग्न वैशाखात झालं. गोपाळकृष्णांच्या तर्जनीला तेव्हाही चिंधी बांधलेली होती, त्यामुळे अक्षता टाकताना ते बोट वेगळंच उभं राहत होतं. वऱ्हाड परत निघालं. सगळे पानं खात उभे होते. शालिकरामने नथ्थूकडून किल्ली घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि गाडीच्या मागे गेला.

ज्यांच्या नजरेतून काही सुटत नसे, ते गोपाळकृष्ण डिकीला पाठ करून उभे राहिले आणि कडुलिंबावरचे पोपट मोजू लागले. डिकी बंद झाल्याचा आवाज आला, तरी ते वळले नाहीत.

"काय पाहून राह्यले, साडूभाऊ?" शालिकरामने हात पुसत विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "पान द्या एक."